त्रान फू रोडवरचा त्रान फू

व्हिएतनामला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाचा फोन बघा, होइ आनचा एक तरी फोटो असतोच, पिवळ्या भिंती, वर लटकणारे रंगीत कंदील, मागे सायकलरिक्षा आणि मधोमध आपली मंडळी. त्या फोटोत कुठे निळी पाटी दिसली तर जरा झूम करा, बरेचदा त्यावर त्रान फू लिहिलेलं असतं. जपानी पुलाकडून निघणारी होइ आनची मेन गल्ली ती त्रान फू. हनोईत रुळाला खेटून कॉफी प्यायची ती फेमस ट्रेन स्ट्रीट, तिथलाच एक रस्ता त्रान फू. न्या त्रांगला समुद्राला लागून हॉटेलांची रांग आहे तो पण त्रान फू, दा नांगला पण आहेच एक. म्हणजे आठ दिवसांच्या टूरमध्ये आपण या माणसाच्या नावावरून तीन-चार वेळा चालून येतो आणि तो कोण होता हे विचारायचं काही सुचत नाही, कारण पुढच्या दुकानात कंदील स्वस्त मिळतायत.

मी विचारलं होतं, खरं सांगायचं तर टाइमपास म्हणूनच. आमचा गाइड पंचविशीतला पोरगा होता, इंग्लिश मस्त. म्हणाला, कम्युनिस्ट पार्टीचा पहिला जनरल सेक्रेटरी, फ्रेंचांनी मारला, फार तरुण होता. एवढं झालं आणि त्याने शिंप्याचं दुकान दाखवलं जिथे एका दिवसात सूट शिवून मिळतो. चूक काही बोलला नाही तो, तिन्ही गोष्टी खऱ्या. पण घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की त्या तीन गोष्टींत नेमकी चौथी राहून गेली होती, की हा माणूस हो चि मिन्हच्या विरोधात गेला होता. कागदावर, पार्टीच्या ठरावात. आणि तेव्हा जिंकला होता.

माझं म्हणणं असंय की त्रान फूला शहीद म्हणून पुजणं सोपं पडतं म्हणून पुजतात, तो नक्की काय म्हणत होता ते उघडून वाचलं तर आजच्या पार्टीची पण पंचाईत होते आणि पार्टीला शिव्या घालणाऱ्यांची पण. मला स्वतःला तो मोठ्या प्रश्नावर चुकला असंच वाटतं. पण चुकला म्हणून त्याचं म्हणणं दोन ओळींत गुंडाळायचं आणि वर हार घालायचा याला मान देणं म्हणत नाहीत.

आता जरा मागून सुरू करतो. जन्म 1904 चा, 1 मे, कम्युनिस्ट पुढाऱ्याला याहून सोयीची तारीख कुठून मिळणार. मूळ गाव हा तिन्ह प्रांतात पण वडील नोकरीनिमित्त दक्षिणेकडे म्हणून जन्म फू येनचा. वडील मँडरिन, म्हणजे नाव राजाचं आणि हुकूम फ्रेंचांचा अशा राज्यात खालचा कारभार हाकणारे अधिकारी, आपल्याकडच्या मामलेदारासारखं समजा. 1908 मध्ये मध्य व्हिएतनाममध्ये कर आणि वेठबिगारीच्या विरोधात शेतकरी उठले, हजारोंनी कचेऱ्यांसमोर येऊन बसायला लागले. वडील तेव्हा क्वांग न्गायमध्ये एका तालुक्याचे प्रमुख होते. वरून फ्रेंचांचा दट्ट्या, खाली दारात लोक, आणि त्या माणसाने शेवटी गळफास घेतला. पोरगं चार वर्षांचं. दोन वर्षांनी आई पण गेली.

पार्टीच्या गोष्टीत हा प्रसंग येतो तो मुलाच्या मनात फ्रेंचांबद्दल राग कसा पेटला हे सांगायला. ठीक आहे, पेटला असणारच. पण मला त्यात दुसरंच दिसतं. ते वडील कोणाच्या बाजूचे होते? सरकारी माणूस, करवसुली करणाऱ्या यंत्रणेचाच भाग, शेतकऱ्याने दगड मारला असता तर त्यांच्याच कचेरीवर मारला असता, आणि तरी ते त्या यंत्रणेनेच मारले गेले. अशा मधल्या माणसांचं काय करायचं, आपले म्हणायचे का परके, हाच पुढे त्रान फूच्या आणि हो चि मिन्हच्या भांडणातला मेन मुद्दा झाला. आणि गंमत म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा, मुलाचं उत्तर वडिलांना जागा ठेवणारं नव्हतं.

पोरगा हुशार होता, ह्वेच्या क्वॉक होक या नामांकित शाळेत शिकला, 1922 ला पहिल्या नंबराने पास झाला आणि विन्ह शहरात प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागला. त्याच्या विद्यार्थ्यांत एक मुलगी होती न्गुयेन थी मिन्ह खाय, तिच्याकडे नंतर येतो. तिथेच तो एका छोट्या देशभक्त गटात शिरला. 1926 मध्ये त्या गटाने त्याला चीनमध्ये ग्वांगझूला पाठवलं, काम काय तर तिथे न्गुयेन आय क्वॉक नावाच्या माणसाने तरुणांची क्रांतिकारी संघटना काढलीये तिच्याशी एकत्र येण्याची बोलणी करायची. हा न्गुयेन आय क्वॉक म्हणजेच पुढचा हो चि मिन्ह. त्रान फू बोलणी करायला गेला आणि तिथलाच होऊन बसला, म्हणजे नवरदेवाकडून बैठकीला गेलेला माणूस मुलीकडच्यांचा जावई होऊन परत यावा तसं. तिथल्या वर्गात शिकला आणि मग त्याच माणसाच्या ओळखीने मॉस्कोला, पूर्वेकडच्या कष्टकऱ्यांसाठी काढलेल्या युनिव्हर्सिटीत. तिथे तीनेक वर्षं.

ही तीन वर्षं महत्त्वाची, कारण नेमकं त्याच काळात मॉस्कोचं वारं फिरलं. 1928 च्या सहाव्या काँग्रेसमध्ये कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पार्ट्यांना मॉस्कोतून हाकणाऱ्या संघटनेने, लाइन बदलली, आता भांडवलदार वर्गाशी युती नाही, राष्ट्रवादी म्हणवणाऱ्यांवर विश्वास नाही, वर्गाविरुद्ध वर्ग. चीनमध्ये 1927 ला राष्ट्रवादी पक्षाच्या चियांग काय-शेकने कम्युनिस्टांची जी कत्तल केली तिचा चटका त्यामागे होता, अगदीच हवेतून काढलेली लाइन नव्हती ती. आणि ही लाइन काही एकट्या व्हिएतनामला लागू नव्हती, आपल्या मुंबईने पण तिची किंमत मोजलीये. 1928 चा सहा महिन्यांचा गिरणी संप करून दाखवलेली लालबावट्याची गिरणी कामगार युनियन, लालबाग-परळमध्ये केवढी तिची वट, पण 1929 ला डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर असे सगळे मीरत खटल्यात, म्हणजे सरकार उलथवायच्या कटाच्या आरोपाखाली, आत गेले आणि बाहेर उरलेल्यांनी 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाला भांडवलदारांचं नाटक ठरवून लांब राहायचं ठरवलं. आख्खा देश रस्त्यावर आणि कम्युनिस्ट बाजूला. पुढे पक्षातल्याच लोकांनी ही चूक झाली असं कबूल केलं. तेव्हा त्रान फू काय करत होता हे समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको.

तर 1930 चा फेब्रुवारी. न्गुयेन आय क्वॉकने हाँगकाँगमध्ये आपापसात भांडणाऱ्या कम्युनिस्ट गटांना एकत्र बसवलं आणि पार्टी काढली. नाव व्हिएतनाम कम्युनिस्ट पार्टी. सोबत एक छोटासा कार्यक्रम, अगदी थोडक्यात. त्यात म्हटलं होतं की पहिलं काम फ्रेंचांना घालवणं, त्यासाठी श्रीमंत शेतकरी, छोटे-मधले जमीनदार, देशी भांडवलदार यांच्यातले जे उघडउघड शत्रू झालेले नाहीत त्यांना आपल्याकडे ओढा, नाहीच जमलं तर निदान गप्प बसवा. व्यवहारी माणसाचा कागद आहे तो.

एप्रिलमध्ये त्रान फू मॉस्कोहून परत आला. हनोईत थो न्युओम नावाच्या रस्त्यावर, म्हणजे शब्दशः रंगाऱ्यांची आळी, आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते तसं, तिथे 90 नंबरच्या फ्रेंच वळणाच्या बंगल्याच्या तळघरात बसून त्याने पार्टीची पुढची दिशा मांडणारा प्रबंध लिहिला. आज तिथे स्मारक आहे. पण नुसता तळघरात बसून लिहिला असं नाही हे आवर्जून सांगितलं पाहिजे, कारण त्याला मॉस्कोचा सांगकाम्या म्हणणारे हे गाळतात. त्या उन्हाळ्यात तो नाम दिन्हच्या कापड गिरणीच्या भागात गेला, हायफाँगला गेला, हाँ गायच्या कोळसा खाणींकडे गेला, थाय बिन्हच्या भातशेतीच्या गावांत गेला. बघितलं काय तर गावातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर फ्रेंच माणूस बसलेला नाहीये, फ्रेंच माणूस त्याने आयुष्यात कदाचित पाहिला पण नसेल, डोक्यावर बसलेत ते गावचेच बडे लोक, सावकार, जमीन असलेले, करवसुलीत हात मारणारे. त्याला तुम्ही देशासाठी लढ म्हणून सांगायला गेलात तर तो विचारणार, कोणाचा देश? हा प्रश्न त्रान फूने गंभीरपणे घेतला. माझ्या मते हाँगकाँगच्या त्या छोट्या कागदाने तेवढा घेतला नव्हता.

ऑक्टोबर 1930 मध्ये हाँगकाँगला मध्यवर्ती समिती बसली. त्रान फूचा प्रबंध पास, म्हणजे फ्रेंचांशी आणि जमीनदारांशी लढाई एकदमच, मधल्या बड्यांशी युती नाही. त्रान फू जनरल सेक्रेटरी, वय 26. फेब्रुवारीतला कार्यक्रम रद्द, वर शेरा असा की नुसता साम्राज्यवादविरोध बघितला आणि वर्गाचं हित विसरले, हे फार धोक्याचं आहे. पार्टीचं नाव पण बदललं, व्हिएतनाम काढून इंडोचायना घातलं, कारण कॉमिन्टर्नच्या हिशोबाने फ्रेंचांची वसाहत एक तर पार्टी पण एक, मग लाओस-कंबोडियात सभासद नावाला का असेनात. ज्या माणसाने त्याला घडवून पुढे पाठवलं त्याच्याच कामावर चार वर्षांत ही लाल शाई.

आणि हे सगळं चाललेलं असताना मागे न्घे आन आणि हा तिन्हमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलखात, आग लागलेली होती. मे दिनाला विन्हजवळ कामगारांवर गोळीबार झाला, मग गावंच्या गावं उठली, करवसुलीचे कागद जाळले, कचेऱ्या फोडल्या, कारभारी पळाले आणि शेतकऱ्यांच्या कमिट्यांनी गाव चालवायला घेतलं, सार्वजनिक जमीन वाटली, बड्यांच्या कोठारातला तांदूळ उपाशी लोकांना दिला, रात्री लिहायवाचायचे वर्ग. 12 सप्टेंबरला हुंग न्गुयेनमध्ये हजारो लोकांचा मोर्चा सरळ रस्त्याने चालला होता, फ्रेंचांनी विमानं आणून त्यावर बॉम्ब टाकले. दोनशेहून जास्त माणसं गेली. पार्टीच्या केंद्राचं मत होतं की एवढ्यात सोव्हिएत, म्हणजे अशा कमिट्यांचं राज्य, काढायची वेळ आली नव्हती, पण लोक उठलेच आहेत तर त्यांना टाकून द्यायचं नाही. ही भूमिका मला आजही बरोबर वाटते.

पण फ्रेंचांचं दमन वाढलं, माणसं पकडली जायला लागली, खबरी कोण हे कळेना, तेव्हा मध्य व्हिएतनामच्या प्रांतिक समितीने एक घोषणा काढली, त्री, फू, दिया, हाव, म्हणजे शिकलेले, पैसेवाले, जमीनदार, गावचे बडे, या सगळ्यांना पार्टीतून मुळासकट उपटा. जरा विचार करा. शिकलेला. मँडरिनचा मुलगा. मास्तर. ही फूटपट्टी लावली तर पहिला कोण बाहेर जातो? पार्टीचा जनरल सेक्रेटरी जातो. केंद्राने मे 1931 मध्ये या प्रकाराची कानउघाडणी केली खरी, पण त्रान फू तोवर साइगावमध्ये पकडला गेला होता, एप्रिलमध्येच. त्यामुळे ती घोषणा त्याची म्हणता येणार नाही आणि मी म्हणत पण नाहीये. पण गावच्या पोरांना तुम्ही प्रबंधातून शिकवलंत की माणूस ओळखायचा तो त्याच्या वर्गावरून, तर पोरं ती गोष्ट तुमच्यापेक्षा सरळ रेषेत पुढे नेणार, त्यांना तुमच्या तळटीपा कुठून ठाऊक असणार.

साइगावला त्याचे हाल हाल केले, बोलला नाही. 6 सप्टेंबर 1931 ला चो क्वानच्या हॉस्पिटलमध्ये गेला, वय 27. लढण्याची जिद्द सोडू नका असं शेवटचं म्हणाला सांगतात. पुढे कुठे पुरलंय याचा पत्ता नाही, सापडला तो 1999 मध्ये, 68 वर्षांनी, मग अवशेष हा तिन्हला गावाकडे नेले. या बाबतीत माझं पार्टीशी काही भांडण नाही. असं मरायला काळीज लागतं.

भांडण पुढच्या भागाशी आहे. व्हिएतनामच्या अधिकृत इतिहासात त्या ऑक्टोबरच्या प्रबंधासाठी एक ठरलेला शब्द आहे, हान चे. म्हणजे मर्यादा. प्रबंध महान होता पण त्याला काही मर्यादा होत्या, त्या 1941 मध्ये हो चि मिन्हने पाक बोच्या बैठकीत व्हिएत मिन्ह, म्हणजे सगळ्यांना सोबत घेणारी स्वातंत्र्याची आघाडी, काढून, राष्ट्रमुक्ती आधी आणि जमिनीचा प्रश्न मागाहून असं ठरवून दुरुस्त केल्या. झालं, फाइल बंद. त्रान फू पण महान, त्याच्या विरुद्ध बोलणारा पण महान, कुणालाच काही सोसावं लागलं नाही. प्रत्यक्षात न्गुयेन आय क्वॉकला बरंच सोसावं लागलं. जून 1931 ला हाँगकाँगमध्ये ब्रिटिशांनी पकडला, सुटून मॉस्कोला पोचला तर तिथे राष्ट्रवादाचा ठपका, 1938 पर्यंत जवळजवळ अडगळीत. मर्यादा या शब्दात ही वर्षं कुठे बसतात?

आणि दुसरं, ते 1941 ला दुरुस्त झालंच नाही. 1953 ते 56 मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये जमीनसुधारणा झाली तेव्हा तेच सगळं परत आलं, गावागावात लोकन्यायालयं, वर्गाचं लेबल, कोटा असल्यासारखे जमीनदार शोधून काढायचे. सुरुवातीलाच ज्यांना गोळी घातली त्यांत न्गुयेन थी नाम नावाची बाई होती, जमीनदार होती पण व्हिएत मिन्हला पैसा पुरवलेला, माणसांना घरात लपवलेलं. म्हणजे फेब्रुवारी 1930 चा कागद ज्या लोकांना आपल्याकडे ओढा म्हणत होता अगदी त्यातलीच. 1956 मध्ये हो चि मिन्हला लोकांसमोर चूक कबूल करावी लागली, जनरल सेक्रेटरी चुओंग चिन्हला पद सोडावं लागलं. तेव्हा तर त्रान फू जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. मग दोष त्याच्या एकट्याच्या मर्यादेचा कसा? तो प्रश्न त्या पार्टीच्या पोटात शेवटपर्यंत होता, 1930 ला दोन कागदांत तो फक्त पहिल्यांदा स्वच्छ दिसला एवढंच. म्हणूनच ते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायला पाहिजेत, आणि म्हणूनच कदाचित तसे फारसे वाचू देत नाहीत.

यावर एक आक्षेप मला घरातच ऐकायला मिळाला. जो माणूस मरेपर्यंत मार खाऊन बोलला नाही त्याच्या लिखाणात एसी रूममध्ये बसून चुका काढायच्या, शोभतं का? मला हे पटत नाही. मार खाल्ला तो कशासाठी, त्या लिखाणासाठीच ना. त्याचं म्हणणं बाजूला ठेवून नुसतं शरीर पुजायचं म्हणजे त्याने ज्यासाठी जीव दिला तेच फालतू होतं असं म्हणण्यासारखं आहे. आपल्याकडे चौकाला नाव, जयंतीला डीजे आणि पुस्तकं कपाटात हा प्रकार किती जणांच्या बाबतीत चालतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा, की हे सगळे स्टालिनचे चेले, कशाला एवढं डोकं लावायचं. यांना मी ता थू थाउचं उदाहरण देतो. तो पण कम्युनिस्टच, ट्रॉट्स्कीवाला, साइगावात निवडणुका जिंकून दाखवलेला, स्टालिनवाल्यांचा कट्टर विरोधक. 1945 च्या सप्टेंबरमध्ये क्वांग न्गायमध्ये व्हिएत मिन्हच्या लोकांनी त्याला मारलं. साइगावच्या बेन थान्ह मार्केटजवळ त्याच्या नावाचा छोटासा रस्ता होता, 1975 ला साइगाव पार्टीच्या हातात गेलं, त्यानंतर तो दुसऱ्याच्या नावाचा झाला. सगळ्यांना एका पोत्यात घातलं की हे भांडण, यातली माणसं, काहीच दिसत नाही, आणि गंमत म्हणजे पार्टीला पण तेच हवं असतं.

तो जगला असता तर बदलला असता का, हा प्रश्न मला फार छळतो. त्याची विद्यार्थिनी मिन्ह खाय 1935 मध्ये मॉस्कोला सातव्या काँग्रेसला गेली होती, फान लान या नावाने, आणि तिथेच तर कॉमिन्टर्नने पुन्हा वारं फिरवलं, वर्गाविरुद्ध वर्ग बंद, आता सगळ्यांची मिळून आघाडी. सरांनी शिकवलेलं, सरांनी ज्यापायी जीव दिला ते, टाळ्यांच्या गजरात रद्द होताना ती त्या हॉलमध्ये बसलेली होती. सर असते तर 31 वर्षांचे असते. तिने ती नवी लाइन घेऊन साइगावात काम केलं, पकडली गेली, आणि 28 ऑगस्ट 1941 ला हॉक मोनला फ्रेंचांनी तिला गोळी घातली. तिच्याही नावाचा मोठा रस्ता आहे हो चि मिन्ह सिटीत, शोरूमच शोरूम.

1986 नंतर तर तिथे सगळंच उलटं झालं, खाजगी धंदा आला, परदेशी कंपन्या आल्या, मॉल आले, आता देशी भांडवलदाराला ओढायचं का गप्प बसवायचं हा प्रश्नच उरला नाही, तो स्टेजवर खुर्चीत बसलेला असतो. फेब्रुवारीचा कागद जिंकला म्हणा, किंवा इतका जिंकला की लिहिणाऱ्याला पण ओळखू येणार नाही. पण थाय बिन्हच्या शेतकऱ्याने 1997 मध्ये, पार्टीच्याच गावपातळीवरच्या कारभाऱ्यांच्या विरोधात, जादा वसुली आणि भ्रष्टाचार म्हणून मोठं आंदोलन केलं होतं. थाय बिन्ह, जिथे 1930 च्या उन्हाळ्यात एक मास्तर भातशेतं बघत, गावात कोण कोणाच्या डोक्यावर बसलंय ते विचारत हिंडला होता. त्या लोकांनी तो प्रबंध वाचला असेल असं मला वाटत नाही. पण त्या शेतकऱ्यांना त्रान फू काय सांगतोय ते लगेच कळलं असतं, होइ आनच्या आमच्या गाइडपेक्षा नक्कीच लवकर.